केबल ब्रिज डिझाइन करायचाय, तर साइट टाळू नका

प्रश्न : आम्ही वडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, ए ग्रुप (गणिताचा). भरूचचा केबल ब्रिज पाहिल्यापासून तिला तसेच पूल डिझाइन करायचेत. आर्किटेक्चर घ्यावं की सिव्हिल? सॉफ्टवेअरचा कोर्स आत्ताच लावू का? साइटवरची नोकरी नको, असं घरी सगळ्यांचं म्हणणं आहे. – एक आई

उत्तर : ताई, सिव्हिलच. पुलाच्या रूपाबद्दल आर्किटेक्टचं मत घेतात, पण तो उभा कसा राहणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. बारावी आणि गुजसेट या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीमार्फत प्रवेश. घराजवळ कलाभवन, म्हणजे एम.एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज, आहेच. बी.ई. झाल्यावर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन स्ट्रक्चरलमध्ये दोन वर्षांचं एम.टेक. करू द्या. मोठ्या पुलांच्या कामाला ते लागतंच असं समजून चला.

सॉफ्टवेअर आत्ता नको. त्यातून आलेला आकडा चुकलाय हे ओळखायला हातचा हिशोब यावा लागतो, आणि त्याची सुरुवात बारावीच्या त्रिकोणमितीत होते. समजा, एका केबलने डेकचं, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या फरशीचं, 200 टन वजन उचलायचंय आणि ती आडव्याशी 30 अंशांत आहे. मग केबलमधला ताण 400 टन. शिवाय 346 टनांचा आडवा रेटा डेकला पायलॉनकडे, म्हणजे केबल जिथून निघतात त्या उंच खांबाकडे, दाबत राहतो. काँक्रीट दाब चांगला सोसतं, म्हणून तिथे काँक्रीटचा डेक चालतो. आता केबल किती जाड? 15.7 मिमीचा सात तारांचा एक स्ट्रँड साधारण 28 टनांना तुटतो, पण वापरात त्याच्या 45 टक्क्यांपर्यंतच ताण देतात, कारण वाहनांमुळे ताण सारखा कमीजास्त होतो आणि तार थकते. म्हणजे निदान 32 स्ट्रँड. हाच कोन 20 अंश केला तर ताण 585 टनांवर जातो. पायलॉन उंच ठेवतात ते यासाठी.

मग भरूचचे पायलॉन बुटके कसे? कारण तो एक्स्ट्राडोज्ड पूल आहे. 2017 साली सुरू झालेल्या या 1344 मीटरच्या पुलाचे मुख्य गाळे (दोन खांबांमधली अंतरं) 144 मीटरचे आहेत; तिथे बराच भार गर्डरच, म्हणजे डेकखालची तुळईच, घेतो, केबल त्याला मदत करतात. ओखा-बेट द्वारकेच्या सुदर्शन सेतूचा मधला गाळा 500 मीटरचा. तो खरा केबल-स्टेड, म्हणजे डेक मुख्यतः केबलवरच पेललेला. मुलीला हा फरक आधी कळू द्या.

आता साइटबद्दल. इथे मी घरच्यांशी सहमत नाही. असा पूल पायलॉनपासून दोन्ही बाजूंना एकेक सेगमेंट (डेकचा तुकडा) जोडत वाढतो, आणि दर टप्प्याला तो निराळाच पूल असतो. प्रत्येक टप्प्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. 16 मीटर रुंद, 4 मीटर लांब सेगमेंटचा स्लॅब 2 सेंटिमीटर जाड ओतला गेला, तर सुमारे 3.2 टन वजन वाढतं. वीस सेगमेंटांत तसंच होत गेलं तर एका बाहूवर चौसष्ट टन. टोक खाली जातं, समोरून येणाऱ्या बाहूशी पातळी जुळत नाही. मग केबल जास्त ओढून टोक वर घेतात आणि तो जादा ताण कायमचा आत राहतो. उन्हाने डेकचा वरचा भाग तापला तरी टोक हलतं, म्हणून लेव्हल सूर्योदयाआधी घेतात. हे ज्याने पाहिलं नाही, त्याच्या ड्रॉइंगमध्ये केबल ओढायचा जॅक धरायलाही जागा नसते! निदान दोन वर्षं साइट हवीच. मुलगी आहे म्हणून तर मुळीच अडवू नका.

पादऱ्याजवळचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 ला तुटला, त्यानंतरची तुमच्या घरची धास्ती मी समजू शकतो. तो 1985 चा साधा गर्डरचा पूल होता, केबलचा नव्हे. पण जुन्या पुलांची तपासणी हेही याच शाखेचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं. केबलच्या पुलात पाणी बहुधा खालच्या अँकरेजमध्ये, म्हणजे केबलचं टोक डेकला पक्कं करतात तिथे, साचतं आणि तारा आतून गंजतात. बाहेरचं प्लास्टिकचं आवरण मात्र नवं दिसतं. इटलीतल्या जिनोआच्या पुलाचे ताण घेणारे दांडे काँक्रीटमध्ये बुजवलेले होते, त्यामुळे आतलं गंजणं डोळ्यांना दिसणं अवघड होतं. 14 ऑगस्ट 2018 ला तो पडला, 43 माणसं गेली. आता केबल एकेक करून बदलता येईल अशी सोय डिझाइनमध्येच ठेवतात.

परीक्षा संपली की तिला भरूचला न्या. नदीकाठावरून पूल समोर धरून फोटो काढायचा, कोनमापक लावून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या केबलचा कोन मोजायचा आणि 100 टनांसाठी दोन्हींतला ताण काढायचा. तो कागद मला पाठवा, मी तपासून देईन.