आधी फेरफार काढ

पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा निरोप वाचला. जमिनीवरच्या नावासाठी तुझ्या तलाठी कार्यालयात येऊन भांडणारा तो म्हातारा पुन्हा येणार म्हणून पोटात गोळा येतो, आणि वाचायचं इतकं साचलंय की कुठून सुरुवात करू कळत नाही, असं लिहिलंस. तुला या दोन अडचणी वाटतात, मला एकच दिसते. तू फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलली याची नोंद, न काढता त्या माणसाशी बोलते आहेस.

सातबारा बघून कुणाला उत्तर देऊ नकोस. त्यावर आजची स्थिती असते. ती तशी का झाली हे गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारांच्या वहीत, असतं. नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, तो धरून मागे मागे जा. बाप वारला तेव्हा थोरल्याचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलं, धाकटे राहून गेले, बहिणी मालकांच्या रकान्याऐवजी 'इतर हक्कात' गेल्या. पुढे थोरल्याची मुलं जमीन आमचीच म्हणायला लागली. असं प्रत्येक गावात सापडेल. मग एखादा धाकटा सत्तरीला येऊन तुझ्या टेबलावर हात आपटतो. त्याचं ऐकायला समोर तूच तेवढी बसलेली असतेस.

मी 16 वर्षं तलाठी आणि 11 वर्षं सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, होतो. सर्कल असताना एक आजी दर बाजाराच्या दिवशी यायची. बडबड, शिव्या, पदरात चुरगळलेला एक उतारा. शिपाई तिला लांबूनच ओळखायचा. मी दरवेळी सांगायचो, 'तुमचं नाव नाही, कोर्टात जा.' तीन वर्षं हेच सांगितलं. शेवटी दुसऱ्याच प्रकरणासाठी तो गट पाहताना 1974 ची वारस नोंद हाती आली. तीन भाऊ आणि तिचं नाव, चौघं स्पष्ट लिहिलेले, नोंद प्रमाणित. पुढे सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं तेव्हा लिहिणाऱ्याने तीनच नावं उतरवली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खालची लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती, एका अर्जाचं काम. निरोप पाठवला तेव्हा कळलं, आजी दोन महिन्यांपूर्वी गेली.

माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या मंडळाचाही कार्यभार होता, टंचाईचे टँकर होते, निवडणुकीचं काम होतं. हे खोटं नाही. मी काही खाऊन बसलो नव्हतो, आळशीही नव्हतो. पण फेरफार काढायला दहा मिनिटं लागतात, आणि तीन वर्षांत मला ती मिळाली नाहीत असं मी कुणाला सांगू? म्हणून तुला पुन्हा सांगतो, आधी फेरफार काढ.

आता वाचनाचं. जमीन महसूल अधिनियम, 1966 पहिल्या कलमापासून पाठ करत बसलीस तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही. समोर प्रकरण आलं की त्याचं कलम वाच. त्यातलं 'परंतु' आणि 'स्पष्टीकरण' दोनदा वाच, कारण माणसं तिथेच अडकतात. शासन निर्णयात 'वाचा'खालचे संदर्भ बघ, म्हणजे जुना कोणता अधिक्रमित झाला, म्हणजे नव्यामुळे मागे पडला, ते कळेल. प्रस्तावनेवरून नजर फिरवली तरी चालते. फेरफारात मात्र आधी खालचा सर्कलने नोंद प्रमाणित केल्याचा शेरा आणि तारीख, मग वरचा मजकूर. मोडीतला कागद आला तर अंदाज करू नकोस, जाणकाराकडून वाचून घे. हे सगळं दमवणारं आहे, मला ठाऊक आहे. पण 'वेळ नाही' हे मला सांगू नकोस. त्या म्हाताऱ्याशी वाद घालण्यात रोज अर्धा तास जातोच आहे.

तो ओरडेल तेव्हा खुर्ची दे आणि त्याची नोंद त्याला मोठ्याने वाचून दाखव. सावकाश, तारखेसकट. खरा असेल तर मध्येच थांबवून तुला नावं सांगेल, कुणाचा कोण ते सांगेल. खोटा असेल तर विषय बदलेल, वरच्या साहेबांच्या फोनची भाषा करेल. फोन येऊ दे. तुझ्या हातात नक्कल असली म्हणजे आवाज चढवावा लागत नाही.

आणि 'हा माणूस विक्षिप्तच आहे' हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. आमचा शिपाई आजीबद्दल हेच म्हणायचा आणि मी मान डोलवायचो.

सोमवारी तो येण्याआधी दप्तर उघड. त्याच्या बापाच्या वारस नोंदीत किती नावं आहेत आणि सर्कलचा शेरा काय आहे, तेवढं संध्याकाळी मला फोन करून सांग.