एआय एजंट चुकीचं टूल का उचलतो? टूलचं वर्णन कसं लिहावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: साड्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी ग्राहकांशी बोलणारा एजंट बनवलाय, ऑर्डर शोधणं, परतावा, पत्ता बदलणं अशी दहा-बारा टूल्स (एजंटला बोलावता येणारी कोडमधली फंक्शन्स) जोडलीत. पण तो भलतंच टूल वापरतो, नाहीतर ऑर्डर नंबर मनानेच ठोकून देतो. तर मॉडेल, म्हणजे एजंटच्या मागचं एआय, बदलू का?

एवढ्यात नको. आधी तुम्ही दिलेली ही दोन वर्णनं बघा. गेट_ऑर्डर: 'ऑर्डरची माहिती देते.' सर्च_ऑर्डर्स: 'ऑर्डर शोधते.' कोड तुमचाच असल्यामुळे तुम्हाला दोन्हींतला फरक ठाऊक आहे. मॉडेलला तुमचा कोड दिसतच नाही. त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) येतो, बस्स. ग्राहकाने 'माझी पैठणी कधी येणार?' विचारलं की त्याला दोन्ही टूल्स सारखीच योग्य वाटतात. त्यात गेट_ऑर्डरला नंबर सक्तीचा आणि ग्राहकाने तो दिलेला नाही. मग काहीतरी भरून रकाना पुरा केला जातो.

मी गेट_ऑर्डरचं वर्णन असं लिहीन:

'ऑर्डर नंबरवरून एकाच ऑर्डरची सद्यस्थिती, कुरिअरचं नाव आणि पोहोचण्याची अंदाजे तारीख देते. नंबर ग्राहकाने स्वतः सांगितला असेल किंवा सर्च_ऑर्डर्समधून मिळाला असेल तरच वापरा. नंबर नसेल तर ग्राहकाला मोबाइल नंबर विचारा आणि आधी सर्च_ऑर्डर्स वापरा. परताव्याची स्थिती इथे मिळत नाही, त्यासाठी गेट_रिफंड आहे.'

टूल काय करतं हे सगळेच लिहितात. काय करत नाही आणि अशा वेळी कुठे जायचं, हे मात्र राहून जातं, आणि निम्मा गोंधळ तिथेच असतो. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमध्येही दर टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असं सांगितलंय. त्यांच्या वेब सर्च टूलचा किस्सा बोलका आहे: क्लॉड शोधताना विनाकारण '२०२५' जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारून त्यांनी ते रुळावर आणलं.

आता पॅरामीटर्स. परताव्याच्या टूलमध्ये तुम्ही नुसतं 'अमाउंट: रक्कम' लिहिलंय. रेझरपे या पेमेंट सेवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० पैसे. मॉडेलने सरळ ५०० पाठवले तर ग्राहकाच्या खात्यात ५ रुपये जाणार! वर्णनात 'रक्कम पैशांत' लिहिता येईल, पण मी टूलला रुपयेच घ्यायला लावीन, पॅरामीटरचं नाव 'अमाउंट_रुपीज' ठेवीन आणि शंभराने गुणायचं काम कोडमध्ये करीन. जे कोडने पक्कं होतं ते वर्णनाच्या भरवशावर कशाला सोडायचं? तारखेचंही तसंच. ०४/०५/२०२५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल. तेव्हा वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवा आणि शेजारी '२०२५-०५-०४' असं उदाहरण द्या. ऑर्डरची स्थिती ठरावीक चार-पाच प्रकारांचीच असेल तर मोकळी स्ट्रिंग (कोणताही मजकूर) न ठेवता एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, करा. कोडिंग एजंटवर काम करताना अँथ्रॉपिकलाही असाच अनुभव आला: एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की सापेक्ष पाथ (चालू फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) चुकवायचा. टूलमध्ये पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि ती चूक थांबली.

पण म्हणून वर्णनाचा निबंध करू नका. ही सगळी वर्णनं दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि तेवढे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खर्च होतात. दोन टूल्समधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल तर दोष बहुधा वाक्याचा नसतो. ती टूल्स एकत्र करा. (वर्णन मराठीत लिहिलं तरी चालतं. देवनागरीला साधारणपणे टोकन जास्त लागतात म्हणून मी इंग्रजीतच लिहितो.)

एरर मेसेजही मॉडेलच वाचतं, हे बरेच जण विसरतात. 'एरर ४००' वाचून त्याला काही उमगत नाही, मग ते तीच चूक पुन्हा करतं. 'या नंबरची ऑर्डर सापडली नाही. ग्राहकाला मोबाइल नंबर विचारून सर्च_ऑर्डर्स वापरा' असा मजकूर परत आला तर पुढची पायरी आपोआप बरोबर पडण्याची शक्यता खूप वाढते.

बदल एका वेळी एकाच टूलमध्ये करा. तपासायला स्वतः रचलेले गुळगुळीत प्रश्न घेऊ नका. ग्राहकांचे खरे मेसेज घ्या, 'दादा पार्सल आलं नाही अजून' छापाचे, नंबर नसलेले, अर्धवट. दर बदलानंतर तेच मेसेज पुन्हा चालवा आणि लॉगमध्ये (एजंटने काय काय केलं त्याच्या नोंदीत) उत्तराआधी कोणतं टूल बोलावलं आणि त्याला काय पाठवलं ते पाहा. उत्तर छान वाटतं, आत नंबर मात्र बनावट, असं सर्रास होतं.