अध्यापनाची कला आणि वर्गातील पडदा

‘अध्यापन ही कला असेल, तर शिकण्यात तंत्रज्ञानाला नेमके कोणते स्थान द्यावे?’ असे आपण विचारले आहे. मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे दहावीच्या भूमितीतील एका पाठावरून उत्तर देतो.

वर्तुळाच्या एकाच कंसात अंतर्लिखित झालेले, म्हणजे शिरोबिंदू त्या कंसावर आणि भुजा कंसाच्या टोकांतून जाणारे, सर्व कोन एकरूप असतात, हे प्रमेय मी कित्येक वर्षे फळ्यावर शिकवले. फळ्यावर फार तर तीन-चार कोन काढून होतात आणि बाकीचे मुलांनी माझ्या शब्दावर मान्य करायचे असतात. पुढे आम्ही जिओजेब्रा वापरू लागलो; मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात विकसित करायला घेतलेले, आकृत्या पडद्यावर काढून हलवता येणारे हे सॉफ्टवेअर शाळांना विनामूल्य वापरता येते. जीवेची, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाची, दोन टोके स्थिर ठेवून वर्तुळावरचा तिसरा बिंदू माउसने सरकवत गेले, की पडद्यावर कोनाचे माप ५० अंशच राहते. मात्र तो बिंदू जीवेचे टोक ओलांडून दुसऱ्या कंसावर गेला, की माप एकदम १३० होते.

पहिल्या वर्षी त्या क्षणी वर्गातून ‘सर, बिघडलं!’ असा आवाज आला आणि मी लगेच कारण सांगून मोकळा झालो. ती माझी चूक होती. पुढच्या वर्षी मी गप्प राहिलो आणि तो बिंदू सावकाश पुढे-मागे नेत राहिलो, तेव्हा थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या एका मुलीने दोन्ही मापांची बेरीज १८० होते हे ओळखले. चक्रीय चौकोनाचे (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात) संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० अंश होते, हे पुढचे प्रमेय पुस्तक उघडण्यापूर्वीच वर्गाच्या हाती आले होते. बिंदू सरकवण्याचे काम संगणकाने माझ्यापेक्षा कितीतरी चांगले केले, पण उत्तर तोंडावर आलेले असताना ते आवरायचे आणि कोणाच्या कपाळावरची आठी शंकेची व कोणाची कंटाळ्याची हे पाहायचे, ही कला मी त्या शांततेत शिकलो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र त्याआधीची गोष्ट मोलाची वाटते: पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नाही हे त्यांनी ओळखले आणि मजकूर मुलांच्या मातृभाषेत नेला.

पडद्याचा एक धोकाही सांगितला पाहिजे. शंभर ठिकाणी ५० दिसले, की मुलांना प्रमेय सिद्ध झाल्यासारखे वाटते आणि त्याच दोन टोकांना वर्तुळकेंद्राशी जोडून होणारा केंद्रीय कोन अंतर्लिखित कोनाच्या दुप्पट का असतो, हा प्रश्नच त्यांना पडत नाही. म्हणून आता मी तासाच्या सुरुवातीला प्रोजेक्टर बंद ठेवतो. मुले कंपासने वर्तुळ काढतात, कोनमापकाने कोन मोजतात. एकाच आकृतीत कोणाला ४९ मिळतात, कोणाला ५१, आणि खरे माप कोणते यावर वाद सुरू झाला, की मग मी प्रोजेक्टर सुरू करतो.