बसून व्यायाम केला म्हणजे धोका टळला का? : ज्येष्ठांच्या ऑनलाइन वर्गांबद्दल प्रश्नोत्तरे

ज्येष्ठांनी पडू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन वर्गांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. काही वर्ग घेणाऱ्यांचे आहेत, काही घरच्यांचे. गोंधळ मात्र फिरून फिरून तोच दिसतो, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देत आहे. माणूस समोर न पाहता दिलेला हा सल्ला आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. रोज तासभर चालते. तिला वेगळा व्यायाम हवाच का?

हवा. चालणं हृदयाला आणि मनाला चांगलं, ते थांबवू नका. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा भरवशाचा पुरावा नाही. तोलाचे आणि उठणं-बसणं-वळणं अशा हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत मात्र पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. हा निष्कर्ष कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातला आहे.

प्रश्न : वर्गात अनवाणी उभं राहावं की बूट घालून?

टाच बंद असलेले, पातळ आणि कडक तळाचे, न घसरणारे बूट घालावेत. नुसत्या मोज्यांवर कधीही उभं राहू नये.

प्रश्न : मी ज्येष्ठांचे ऑनलाइन वर्ग घेते. कुणी पडलं तर जबाबदारी माझ्यावर येईल, म्हणून सगळे व्यायाम खुर्चीत बसूनच करून घेते. पडणं टाळायला एवढं पुरेसं आहे ना?

नाही. आणि असे वर्ग ‘पडणं टाळण्याचा कार्यक्रम’ या नावाने चालवू नका, ही विनंती.

खुर्चीत बसल्यावर शरीराचा भार बैठकीवर असतो. घोटे, कंबर आणि कानातली तोलाची यंत्रणा यांना फारसं काम उरत नाही. माणूस पडतो तो पलंगावरून उठताना, वळताना, उंबरा ओलांडताना, वरच्या फळीवर हात नेताना. म्हणजे पाय जमिनीवर आणि भार पायांवर असताना. सराव त्याच स्थितीत व्हायला हवा, आणि तोल जरा डळमळेल इतका अवघड हवा. डुलणं दिसलंच नाही तर तो व्यायाम त्या व्यक्तीसाठी सोपा झाला आहे. मात्र पाऊल उचलून दुसरीकडे टाकावं लागलं तर एक पायरी खाली या.

पायऱ्या अशा : आधी दोन्ही पाय जुळवून उभं राहणं. मग एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या आतल्या कडेला, मधोमध टेकवून. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एकापुढे एक. शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थिती १० सेकंद. आधारही असाच टप्प्याटप्प्याने सोडायचा : दोन्ही तळवे, एक तळवा, चार बोटं, एकच बोट, आणि शेवटी आधारापासून इंचभर वर धरलेले हात. एका वेळी एकच गोष्ट बदला. पायांची स्थिती अवघड केली त्याच दिवशी आधार काढला, तर पडण्याची सोय तुम्हीच केली. आधाराला स्वयंपाकघराचा ओटा सर्वांत चांगला, कारण तो सरकत नाही. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची हा आधार नव्हे.

खुर्चीचा एक व्यायाम मात्र जरूर ठेवा, तो म्हणजे खुर्चीतून उठणं. पाय गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे वाकायचं, उठायचं, आणि बसताना तीन आकडे मोजत हळू खाली यायचं. धपकन बसलं तर व्यायामाचा अर्धा भाग वाया गेला.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो कार्यक्रम पाहा. पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे मिळून १७ व्यायाम, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा तास, शिवाय चालणं. बहुतेक व्यायाम उभ्याने. आणखी एक हिशेब : चांगला परिणाम दिसलेल्या कार्यक्रमांत तोलाला आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांच्या आसपास असतो. तुमचा वर्ग आठवड्यातून एकदा पाऊण तास असेल, तर उरलेला वेळ घरच्या सरावातून भरून काढावा लागेल, आणि तो लिहून द्यावा लागेल. ‘घरी करत जा’ एवढं म्हटल्याने कुणी करत नाही.

तुमची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे नीट निवड. ओट्याला धरूनही पाय जुळवून १० सेकंद उभं राहता येत नाही, उठल्यावर चक्कर येते, पायांत नवं दुखणं किंवा बधिरपणा आहे, अशा व्यक्तीला गटात घेऊच नका, खुर्चीतसुद्धा. तिला फिजिओथेरपिस्टची प्रत्यक्ष भेट हवी.

प्रश्न : कॅमेरा कुठे ठेवायला सांगावा? बहुतेकांचे फक्त चेहरे दिसतात.

मग तुम्ही गप्पांचा कार्यक्रम घेत आहात. फोन आडवा, स्टँडवर, कमरेच्या उंचीला, दोन ते अडीच मीटर लांब आणि थोडा तिरपा. समोरून पाहिलं तर पुढे-मागे जाणारा तोल कळत नाही. डोकं, दोन्ही पावलं आणि आधाराची जागा चौकटीत दिसलीच पाहिजे. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर माणसाची नुसती सावली दिसते. चार्जरची वायर पायाखालून जाऊ नये. वायरचे इअरफोन नकोत. स्क्रीन मान न वळवता दिसेल अशी ठेवायला सांगा, कारण मान वळवून स्क्रीन पाहतानाच तोल जातो. पहिल्या दिवशी व्यायाम नको, फक्त ही मांडणी करा.

आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून संगीताच्या तालावर किंवा तुमच्या मोजणीवर कुणालाही हलवू नका. ‘आपापल्या गतीने आठ वेळा’ एवढं सांगा.

प्रश्न : एका वर्गात किती जण घ्यावेत?

सहा. आठ घ्यायचे असतील तर व्यायाम न दाखवता फक्त पाहत राहणारी दुसरी व्यक्ती हवी. तीस जणांच्या वर्गात कुणाचेही पाय कुणीही पाहत नसतं.

प्रश्न : सुरुवातीची तपासणी ऑनलाइन करता येते का?

थोडी येते, घरातलं कुणी शेजारी उभं असेल तरच. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या स्त्रियांत १० पेक्षा आणि पुरुषांत १२ पेक्षा कमी आकडा आला तर पडण्याचा धोका जास्त समजतात. घड्याळ घरच्याच माणसाने लावावं, तुमचं ‘सुरू’ तिथे उशिरा ऐकू येतं.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येण्याची चाचणी मात्र प्रत्यक्षच करून घ्या. तिच्यात पाहायचं असतं ते वळणं, आणि नेमकं तेच कॅमेऱ्याबाहेर घडतं.

रक्तदाबाचं यंत्र घरी असेल तर पाच मिनिटं आडवं राहून एकदा, आणि उभं राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर वर्ग नंतर, आधी डॉक्टर.

प्रश्न : ‘सात दिवसांत तोल परत’ अशी एक व्हिडिओमालिका पैसे भरून मिळते. घ्यावी का?

नको. सात दिवसांत स्नायूंची ताकद येत नाही, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. कुठलाही कार्यक्रम विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. सुरुवातीला तपासणी कोण करतं? व्यायाम चालू असताना माझे पाय कोण पाहतं? व्यायाम अवघड किंवा सोपा कधी करायचा हे कोण ठरवतं? रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओकडे या तिन्हींना उत्तर नसतं. पडल्याचा इशारा देणारं घड्याळही असंच खपवलं जातं. एकट्या राहणाऱ्याला ते उपयोगी आहे, मदत लवकर येते. पण ते वाजतं पडून झाल्यावर.

प्रश्न : व्हिटॅमिन डीचा मोठा डोस घेतला की पडणं थांबतं, असं ऐकलं.

ऐकीव गोष्ट. वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्येष्ठ स्त्रियांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. कमतरता आहे की नाही आणि डोस किती, हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : वर्ग चालू असताना कुणी पडलं तर?

बाकीच्यांना लगेच बसवा. पडलेल्याला कुणी ओढून उठवू नये. डोकं आपटलं का, कुठे दुखतं, दोन्ही पाय हलतात का, हे विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा जांघेत कळ आली, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्यायचंच.

काही लागलेलं नसेल तर कुशीवर वळणं, कोपरावर भार, मग गुडघे आणि हातांवर. रांगत खुर्चीपर्यंत जाऊन बैठकीवर हात, बळकट पाय पुढे, उठून वळून बसणं. त्या दिवशी पुन्हा व्यायाम नाही.

हे सगळं जमतं ते पूर्वतयारी असेल तर. प्रत्येकाचा पूर्ण पत्ता, मजला, किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा नंबर आणि त्यांच्या गावातल्या रुग्णवाहिकेचा नंबर तुमच्या हाताशी हवा. तुमच्या गावातली सेवा दुसऱ्या गावात धावून जात नाही. आणि वर्गाच्या वेळी दाराला आतून कडी नको.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे. वर्षभरात दोनदा पडले, पण कुठेच लागलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांना ऑनलाइन वर्गाला घालावं म्हणतो.

लागलं नाही म्हणून वाट पाहायची का? वर्षात दोनदा पडणं हेच सविस्तर तपासणीचं कारण आहे. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. वडील घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, स्वतःहून दुकानातून आणलेल्यासुद्धा. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या मुद्दाम दाखवा, पण मनाने एकही बंद करू नका. दोन्ही वेळा कुठे, किती वाजता, काय करत असताना पडले, आधी चक्कर आली होती का, हे कागदावर लिहून न्या. डोळेही तपासून घ्या. जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर खाली पाहताना जमीन धूसर दिसते, त्याबद्दल नेत्रतज्ज्ञांना विचारा. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने प्रत्यक्ष पाहून होकार दिला, तर वर्गात नाव घाला, आणि सुरुवातीचे काही वर्ग स्वतः त्यांच्या शेजारी उभे राहा.