जर्मनीतल्या आखेनला शिकायला जाताना कार्ड कोणतं घ्यायचं

प्रिय बाळ,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. दोन बँकांची तुलना तू वहीच्या पानावर इतकी नीट मांडली आहेस की मला माझे नोकरीतले दिवस आठवले. एका बँकेचं कार्ड परदेशात वापरलं तर मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी, शून्य, पण अ‍ॅप इतकं कटकटीचं की तुझ्या मैत्रिणीने वैतागून काढून टाकलं. दुसऱ्या बँकेचा मार्कअप साडेतीन टक्के, पण अ‍ॅप बोट लावलं की उघडतं आणि सगळं जागच्या जागी सापडतं. शेवटी तू विचारलंस, "काका, टक्के बघू की अ‍ॅप बघू?"

32 वर्षं मी बँकेत काढली, त्यातली शेवटची 11 परकीय चलनाच्या टेबलावर. तरीही उत्तर एका ओळीत देता येत नाही. आधी टक्क्यांचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे आणि तू तो अर्धाच केला आहेस.

साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन टक्के नव्हे. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खरा आकडा 4.13 टक्के. दोन टक्क्यांचं कार्ड असेल तर 2.36. आता हे कशावर लागणार? तू सगळा खर्च भारतीय कार्डावर करणार आहेस असं धरून चालली आहेस, तिथेच गाडं अडलं. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो आहेत. त्यातले दरमहा 992 युरो तुझ्या जर्मन खात्यात येणार आणि तुझं रोजचं जगणं त्यावर चालणार. भारतीय कार्ड लागणार ते पहिले सहा-आठ आठवडे: खोलीचं डिपॉझिट, विद्यापीठाचा सेमेस्टरचा हप्ता, गादी, भांडी, थंडीचे कपडे. समज, या सगळ्याला 1,500 युरो गेले. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरो 100 रुपयांचा धरू. दीड लाखावर 4.13 टक्के म्हणजे 6,195 रुपये. तुझ्या प्रश्नाची एक बाजू एवढ्या वजनाची आहे. सहा हजार रुपये तुझ्या घरात कमी नाहीत, हे मला माहीत आहे. पण रक्कम ठरलेली आहे, आधी कळते आणि एकदाच जाते.

दुसऱ्या बाजूचं वजन असं आकड्यात सांगता येत नाही, म्हणून घडलेलं सांगतो.

2022 च्या मे महिन्यात तुझी काकू आणि मी व्हिएन्नाला होतो. मार्कअप वाचवायचा म्हणून मी मुद्दाम शून्य मार्कअपचं कार्ड काढलं होतं आणि सावधगिरी म्हणून त्याची रोजची मर्यादा घरूनच 10,000 रुपये करून ठेवली होती. मुख्य स्टेशनवर साल्झबुर्गची तिकिटं काढायला गेलो, तर हॉटेलचं बिल त्याच दिवशी भरलेलं असल्यामुळे मर्यादा संपलेली. अ‍ॅपमधून वाढवू म्हटलं. पण दोन दिवसांपूर्वी फोनने अपडेट घेतलं होतं, आणि अ‍ॅप मला ओळखेना. "नोंदणीकृत सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करा," म्हणालं. माझ्या भारतीय सिमवर रोमिंगचं पॅक नव्हतं. स्टेशनचं वायफाय उत्तम होतं, पण अ‍ॅपला वायफाय नको होतं, त्याला सिममधून गेलेला एसएमएसच हवा होता. कस्टमर केअरला काकूच्या फोनवरून लावला, तर एक दाबा, तीन दाबा, आणि मग पंचवीस मिनिटं संगीत. तेवढ्यात गाडी गेली. शेवटी जुन्या बँकेचं कार्ड काढलं. त्याचं अ‍ॅप बोट लावताच उघडलं, परदेशी व्यवहाराचं बटण चालू केलं, मर्यादा वाढवली, तिकिटं निघाली. चार टक्के जास्त गेले आणि मला त्यांचं काही वाटलं नाही.

तरी ही फक्त गैरसोय होती. त्या क्षणी माझं पाकीट चोरीला गेलं असतं आणि अ‍ॅप असंच अडून बसलं असतं तर? देशात ऑनलाइन खरेदी करताना ओटीपी लागतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की ओटीपी म्हणजे कुलूप. परदेशी वेबसाइट कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरही पैसे घेऊ शकते. म्हणजे देशाबाहेर गेलीस की तुझं खरं कुलूप म्हणजे अ‍ॅपमधलं ते चालू-बंदचं बटण आणि मर्यादेची पट्टी. रिझर्व्ह बँकेने म्हणूनच 1 ऑक्टोबर 2020 पासून नियम केला की नवीन कार्ड फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असेल, बाकीचं ग्राहकाने स्वतः चालू करायचं, आणि ती सोय बँकेने चोवीस तास द्यायची. त्याआधी 2017 च्या जुलैच्या परिपत्रकात सांगितलं होतं की तुझी किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तू कळवलंस, तर नुकसान तुझ्या माथी येत नाही. उशीर झाला की तुझा वाटा वाढत जातो. आता बघ: संदेश वेळेवर आला तर तू कळवणार. संदेश येणं, तो दिसणं, तिथल्या तिथे कार्ड बंद करता येणं, हे सगळं अ‍ॅपच्या हातात आहे. अ‍ॅप म्हणजे नुसती सोय नव्हे, असं मी म्हणतो ते यासाठी.

पण सुरेख अ‍ॅपचाही एक धोका मी टेबलावर बसून पाहिला आहे. एक मुलगा यायचा, हुशार, फोनवर सगळं झटपट करणारा. त्याने परदेशी विद्यापीठाची चार लाखांची फी डेबिट कार्डावर भरून टाकली, कारण अ‍ॅपमध्ये मर्यादा वाढवायला दहा सेकंद लागले. मार्कअप आणि जीएसटी मिळून 16,520 रुपये गेले. शाखेत येऊन फॉर्म भरून पैसे पाठवले असते तर अर्धा दिवस मोडला असता, पण एवढे गेले नसते. तो माझ्यासमोर बसून स्टेटमेंटकडे बघत होता तो चेहरा अजून आठवतो. त्यामुळे मोठी रक्कम, फी असो की वर्षाचं भाडं, कार्डावर भरायचीच नाही. ती बँकेतून थेट पाठवायची, कार्ड कितीही चांगलं असलं तरी.

आता "चांगलं अ‍ॅप" म्हणजे काय ते ठरवू, कारण तुझ्या वहीत तू "दिसायला छान" आणि "डार्क मोड आहे" असंही लिहिलं आहेस. ते खोडून टाक. मला चारच गोष्टी हव्यात. व्यवहार झाल्याबरोबर अ‍ॅपमध्येच सूचना यावी, फक्त एसएमएस नको. कार्ड तात्पुरतं बंद आणि पुन्हा चालू करता यावं, नाहीतर घरातच हरवलेलं कार्ड लोक कायमचं ब्लॉक करतात आणि नवीन कार्ड येतं कोल्हापूरच्या पत्त्यावर. परदेशी ऑनलाइन, परदेशी दुकान आणि परदेशी एटीएम यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवता याव्यात. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: भारतीय सिमला रेंज नसतानाही अ‍ॅप उघडावं.

ही चौथी गोष्ट घरीच तपासता येते. फोन एअरप्लेन मोडवर टाक, फक्त वायफाय चालू कर, आणि दोन्ही अ‍ॅपमध्ये कार्ड बंद-चालू करून बघ. मग फोन बंद करून पुन्हा सुरू कर आणि तेच परत कर. जे अ‍ॅप इथे तुझ्या घराच्या ओसरीत ओटीपीसाठी अडतं, ते तिकडे मध्यरात्री अडणारच. नंतर मोड काढून एखाद्या परदेशी साइटवर एक-दोन युरोचं काहीतरी विकत घे. दोन-तीन दिवसांनी स्टेटमेंटमध्ये किती रुपये गेले ते पाहा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साइटवर त्या दिवसाचा दर असतो त्याच्याशी ताडून बघ. शून्य म्हणजे खरंच शून्य का, ते तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ते क्रेडिट कार्ड असेल तर एटीएममधून रोख काढू नकोस, त्यावर शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तिथे शून्य मार्कअपचा काही उपयोग नाही.

तुझ्या बाबांनी सुचवलंय की बँकेला दिलेलं सिम त्यांच्या फोनमध्ये ठेवून जा, ते ओटीपी वाचून दाखवतील. त्यांचं प्रेम कळतं, पण हे करू नकोस. अ‍ॅप त्या सिमशी बांधलेलं असतं. सिम कोल्हापुरात आणि अ‍ॅप आखेनमध्ये अशी फारकत झाली की फोन बदलल्याच्या दिवशी तू अडकशील, आणि भारतात पहाटेचे चार वाजलेले असतील. सिम तुझ्याच फोनमध्ये दुसऱ्या खाचेत राहू दे, रोमिंग जायच्या आधी सुरू कर, आणि रिचार्ज मात्र बाबांनी सांभाळावा. प्रेम तिथे कामी येईल.

दुकानातल्या मशीनवर कधी प्रश्न येतो: रुपयांत भरता की युरोत? नेहमी युरो दाब. रुपये दाबलेस की दर त्या मशीनवाल्याचा, आणि तुझं शून्य मार्कअपचं कार्ड तिथेच वाया गेलं. घाईत, रांगेत, आपल्या ओळखीचं रुपयाचं चिन्ह दिसलं की बोट तिकडेच जातं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तिकडे गेल्यावर जर्मन खातं उघडताना हाच प्रश्न पुन्हा येईल, आणि तिथे माझं उत्तर अगदी स्पष्ट आहे: अ‍ॅप बघ. आखेनहून बसने नेदरलँड्समधल्या फाल्सला जा नाहीतर बेल्जियममध्ये जा, सगळीकडे युरोच. शुल्काचा प्रश्न प्राग, झुरिक किंवा वॉर्सॉला गेलीस तरच. तिकडच्या बऱ्याच बँका युरोबाहेरच्या खर्चावर एक-दोन टक्के घेतात. प्रागला 200 युरो खर्च केलेस तर जाणार किती? दोन ते चार युरो. त्यासाठी वर्षभर वाईट अ‍ॅपशी झगडू नकोस. युरोपात सप्टेंबर 2019 पासून ऑनलाइन व्यवहार दोन प्रकारांनी पडताळावे लागतात, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा तुझा फोन हीच किल्ली असते. तिथल्या काही बँकांत फोन बदलला की नवा सक्रिय करण्याचा कोड टपालाने येतो, चांगले चार-पाच दिवस लागतात. खातं उघडण्याआधी एकच विचार: फोन हरवला तर पुन्हा आत यायला किती दिवस? आणि जर्मनीत कार्ड बंद करायचा एक सामायिक नंबर आहे, 116 116. बहुतेक बँकांची कार्डं तिथून बंद होतात. तो कागदावर लिहून पाकिटाबाहेर कुठेतरी ठेव, फोनमध्ये नव्हे.

तुझ्या मूळ प्रश्नावर येतो. शून्य मार्कअपचं कार्ड वर सांगितलेल्या चाचणीत पास झालं, तर तेच मुख्य कार्ड कर. अ‍ॅप कुरूप असलं, संथ असलं, तरी चालेल, सहा हजार रुपये म्हणजे तुझी थंडीची बुटं आणि जॅकेट. नापास झालं, तर साडेतीन टक्केवालं घे आणि तो पैसा मनाला लावून घेऊ नकोस. दुसरं कार्डही सोबत असू दे, पण एका पाकिटात दोन्ही नकोत, एक मोठ्या बॅगेत. आणि जर्मन खातं सुरू झालं की भारतीय कार्डाची परदेशी बटणं बंद करून टाक.

येत्या रविवारी सकाळी घरी ये, फोन आणि दोन्ही कार्डं घेऊन. एअरप्लेन मोडची परीक्षा आपण इथेच बसून घेऊ. काकू म्हणते, थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही, तर नाश्ता करून येऊ नकोस.

तुझा,
काका