पीएचडी सेक्शनला बदली झाली, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार काकू, मी निपाणीची. विद्यापीठात एसडीए म्हणून, म्हणजे कारकून म्हणून, लागून चार वर्षं झाली. परीक्षा विभागात होते, गेल्या महिन्यात पीएचडी सेक्शनला टाकलंय. सगळे म्हणतात तिथं काय आहे, नुसत्या फायली आणि रडणारी पोरं. तुम्ही याच कामातून रिटायर झालात, एवढी वर्षं कशी काढलीत वो? बदली मागू का?

उत्तर : एवढ्यात मागू नको बाई, एक वर्ष तरी बस तिथं.

पोरं रडतात हे खरं आहे, मी एकोणतीस वर्षं बघितलंय. तिशी उलटलेली असते, बरोबरीचे नोकरीला लागलेले, घरी विचारतात कधी संपणार तुझं, गाइड फोन उचलत नाही, आणि दहा ते साडेपाच ठरलेल्या जागी सापडणारं माणूस एकच, ते म्हणजे तू. म्हणून तुझ्या टेबलाशी येतात, फाईल हे निमित्त.

पण फाईल पण नीट बघायची हं. आपल्या भागात नावाचा घोळ फार. ज्ञानेश्वर घे, मराठी शाळेतून आलेला इंग्रजीत डी पासून लिहितो, कन्नडकडचे कारकून जे पासून लिहितात, मग एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर एक आणि डिग्रीवर दुसरं, आणि हे सापडतं कधी तर थिसिस बाइंडिंग होऊन आल्यावर! रजिस्ट्रेशनलाच एसएसएलसीचं कार्ड मागून घे आणि स्पेलिंग त्याच्यासमोर मोठ्यानं वाच. सर्क्युलर कन्नडमधून असतं, खानापूरकडच्या पोरांना धड वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच तू मराठीत सांग.

एक मुलगी आठवते. आईच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ, हिच्या हातात पीएचडी सोडत असल्याचा अर्ज, तोही दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, हिची फक्त सही. मी तो इनवर्डला घेतलाच नाही. आधी दोघींना चहा दिला, मग सांगितलं की बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, यूजीसीच्या २०१६ च्या नियमात आहे (२०२२ च्या नियमातही ती ठेवलीय). तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं, गाइडनं नाही, डिपार्टमेंटनं नाही. तिथंच बसून रजेचा अर्ज तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. पुढं व्हायव्हा झाला तेव्हा कुंद्याचा डबा घेऊन पहिली माझ्याकडं आली.

पण माझ्या हातून एक गेला पण. हुशार होता, बापाची तंबाखूची शेती, अधूनमधून यायचा, मग यायचा बंद झाला, आणि मला वाटलं कामात असेल. मुदत संपून गेल्यावर रजिस्टर चाळताना नाव दिसलं, तोपर्यंत रजिस्ट्रेशन रद्द झालं होतं. मी एक फोन केला असता तर एक्स्टेन्शनचा अर्ज बसला असता. हे अजून मनातून जात नाही. येऊन भांडणारा विद्यार्थी आपली वाट काढतो, काळजी गप्प झालेल्याची करायची.

म्हणून सोमवारी गेलीस की पहिलं काम, ॲडमिशनच्या तारखा बघून वेगळ्या वहीत यादी काढ. २०२२ च्या नियमाप्रमाणं कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यापुढं री-रजिस्ट्रेशननं दोन मिळू शकतात, बायकांना आणि चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. जुन्या ॲडमिशनना कुठला नियम लागतो ते सुपरिंटेंडंटना विचारून त्याच वहीत लिही. पाचवं वर्ष चालू असलेल्यांचे फोन नंबर समोरच लिहून ठेव, बरेच बदललेले असतील, डिपार्टमेंटच्या शिपायाला विचार, त्याच्याकडं सगळ्यांचे असतात.