रिकर्शनला ‘आवर्तन’ म्हणावं का?

शिरपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलंय की प्रोग्रामिंगमधल्या रिकर्शनला मराठीत आवर्तन म्हटलं तर चालेल का, आणि हा शब्द मुळात आला कुठून.

आधीच सांगतो, आवर्तन नको भो. आपल्या खान्देशात आवर्तन म्हटलं की गिरणा धरण, कालव्याला पहिलं आवर्तन सुटलं, दुसरं कधी सुटणार, गहू-हरभरा वाट बघतोय वगैरे. अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, तबल्यात तालाचं आवर्तन असतं. सगळीकडे अर्थ एकच, झालं तेच पुन्हा, म्हणजे हे तर लूप झालं. रिकर्शनमधे पुन्हा होणं हा मुद्दाच नाहीये, तिथे एखाद्या गोष्टीच्या व्याख्येतच तीच गोष्ट येते, फक्त आधीपेक्षा लहान होऊन.

शब्द लॅटिन आहे, ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणं, मिळून मागे धावत जाणं. स्क्रीनवरचा कर्सर आणि करंट याच धातूचे. रिकरिंग डेसिमलही त्यातलंच, ज्याला शाळेत आपण आवर्ती दशांश म्हणतो आणि तिथे ते फिट बसतं कारण 0.333… मधे 3 खरंच नुसता परत परत येत राहतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

गणितात मागे धावणं कसं, तर जर्मन गणिती डेडेकिंडने 1888 मधे बेरजेची व्याख्याच अशी केली की 1 मिळवणं म्हणजे पुढची संख्या, आणि 5 मिळवायचे तर आधी 4 मिळवून जे येईल त्याच्या पुढची, मग 4 साठी 3 कडे, असं करत 1 पर्यंत मागे. पुढे 1931 मधे तर्कशास्त्रज्ञ ग्योडेलने त्याच्या गाजलेल्या पेपरात अशा फंक्शन्सना ‘रिकर्सिव्ह’ म्हटलं. कॉम्प्युटरवाल्यांनी शब्द इथूनच उचलला, लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणाऱ्या मॅकार्थीचा तिच्यावरचा 1960 चा पेपर तर सरळ रिकर्सिव्ह फंक्शन्स असंच नाव घेऊन आला. पण प्रोग्रामिंगच्या सगळ्या भाषांना ते लगेच जमलं नाही, जुन्या फोरट्रान भाषेत रिकर्शन नव्हतंच, स्टँडर्डमधे ते आलं फोरट्रान 90 ला.

आता कोड बाजूला ठेव आणि घरच्या खटल्यातली, म्हणजे एकत्र कुटुंबातली माणसं मोज. नियम एकच, ‘तुझ्या शाखेत किती?’ विचारलं की प्रत्येकाने आपल्या पोरांना हाच प्रश्न विचारायचा, आलेली उत्तरं मिळवायची, वर स्वतःचा 1. (सुना-जावई सोड, नाहीतर भांडणं होतील.) आजोबांना दोन मुलं, मोठ्याला तीन पोरं, धाकट्याला एक. आजोबा मोठ्याला विचारतात, मोठा पोरांना विचारतो, पोरांना पुढे कोणी नाही म्हणून प्रत्येक जण ‘1’ म्हणतो, मोठ्याचे झाले 4. मग धाकटा, त्याचे 2. आजोबांचे 1 अधिक 4 अधिक 2, सात. मोठ्याचं उत्तर येईपर्यंत आजोबांची बेरीज अर्धवट पडून असते बघ, कॉम्प्युटर असल्या अर्धवट बेरजा ज्या जागेत एकावर एक रचून ठेवतो तिला स्टॅक म्हणतात. जुन्या फोरट्रानमधे साधारणपणे प्रत्येक फंक्शनला ठरलेली एकच जागा असायची, मग दुसरी अर्धवट बेरीज ठेवणार कुठे!

आणि ‘पुढे कोणी नाही तर 1’ ही थांबायची अट. प्रोग्राममधे अशी अट विसरलास आणि फंक्शन स्वतःलाच बोलावत (कॉल करत) राहिलं तर पायथन ही भाषा साधारण 1000 कॉलनंतर ‘मॅक्झिमम रिकर्शन डेप्थ एक्सीडेड’ म्हणून हात वर करतो.

तर लूपला आवर्तन म्हण, पुनरावृत्ती म्हण, दोन्ही चालतं, रिकर्शनला मी तरी देवनागरीत सरळ रिकर्शनच लिहितो. पेपरात मराठीच शब्द लागत असेल तर पुनरावर्तन लिही पण पुढे ‘स्वतःच्याच लहान रूपावर आधारलेली व्याख्या’ एवढं जोड, नाहीतर तपासणारा लूपच समजेल.